व्रतस्थ संघजीवनाचे फलित : फादर स्टीफन्स यांची चाळीस वर्षे

संसार सोडून समुदायात आयुष्य घालवणाऱ्याला काय लाभते, हा प्रश्न मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला नवा नाही. महानुभाव पंथाच्या संन्यस्त परंपरेने सांकेतिक लिपींत ग्रंथ जपले, त्यामुळेच आद्य मराठी गद्य आपल्या हाती आले. कॅथलिक धर्मसंघाविषयी मात्र आपण हा प्रश्न क्वचितच विचारतो. ‘ख्रिस्तपुराणा’ची ओवी आणि भाषा यांची चर्चा होते, कर्त्याचे संघजीवन चरित्रातील एक तपशील म्हणून मागे पडते. प्रस्तुत लेखात त्या जीवनाचा आणि ग्रंथरचनेचा संबंध तपासावयाचा आहे.

धर्मसंघाचा सदस्य दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन अशी तीन व्रते घेतो. त्याला स्वतःची मिळकत नसते, वंश नसतो आणि कार्यक्षेत्र ठरविण्याचा अंतिम अधिकारही नसतो. लौकिक दृष्टीने हे तीन त्याग होत. लेखकाच्या दृष्टीने पाहता त्यांचे स्वरूप काहीसे बदलते.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. १५७५ साली रोममध्ये ते येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून ऑक्टोबरमध्ये गोव्यास पोहोचले. तेथून ते परतले नाहीत. १६१९ मध्ये मृत्यू येईपर्यंतची चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीत काढली. संघाच्या आज्ञेने लाभलेले हे दीर्घ वास्तव्य त्यांचे पहिले फलित मानावे लागते. १५८३ साली भावास लिहिलेल्या पत्रात येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचे ते नोंदवतात. ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले १६१६ साली. दहा हजार नऊशे बासष्ट ओव्यांच्या या ग्रंथामागे तीन तपांहून अधिक काळ लोकांत राहून कमावलेला कान आहे. प्रवासी परदेशीयाला भाषा शिकता येते, पण पुराणाची लय मुरण्यास आयुष्य लागते.

दुसरे फलित कर्त्याच्या मृत्यूनंतरचे. त्यांची कोकणी ‘दौत्रिना’ १६२२ मध्ये, म्हणजे निधनानंतर तीन वर्षांनी, रायतूर येथे छापली गेली. त्यांच्या कोकणी व्याकरणात दियोगु रिबेरु या संघबंधूने भर घातली, इतर पाद्रींनी ते तपासले आणि १६४० मध्ये ते प्रसिद्ध झाले. एतियेन द ला क्र्वा यांचे संत पीटरवरील पुराण आणि आंतोनियु द साल्दाञ यांचे संत अंतोनीचे चरित्र हीदेखील येशूसंघीयांचीच निर्मिती होय. ज्याला वंश नाही त्याला वारस मिळाले, ते असे.

परंतु फलित म्हणजे इच्छापूर्ती नव्हे. १६०८ साली वरिष्ठांस लिहिलेल्या पत्रात स्टीफन्स यांनी येथील भाषेतील ग्रंथ येथल्याच लिपीत छापले जावेत अशी इच्छा व्यक्त केली होती. त्यासाठी सुमारे सहाशे खिळे पाडावे लागतील, ही अडचणही त्यांनीच सांगितली. ती दूर झाली नाही आणि ग्रंथ रोमी लिपीत निघाला. ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूर येथे साल्ढाणा यांनी काढलेली आवृत्तीही रोमीच होती. देवनागरी आवृत्ती १९५६ साली पुण्यात शांताराम बंडेलू यांनी सिद्ध केली. पुढे १९९६ मध्ये येशूसंघाचेच कारिदाद द्रागो यांनी आणि २००९ मध्ये सालेशियन संघाचे नेल्सन फलकाव यांनी ग्रंथ देवनागरीत आणला. एकाची अपुरी इच्छा साडेतीन शतकांनी एका गृहस्थ अभ्यासकाने पुरी केली आणि मग व्रतस्थांनी ते कार्य पुढे नेले. या योगायोगापासून एक बोध घेता येतो: संघ कार्य जपतो, पण ते पूर्ण करण्याचा मक्ता त्याच्याकडे नसतो.

या जीवनाची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. साष्टीतील संघाला पोर्तुगीज सत्तेचे पाठबळ होते. तेथील देवळे पाडली गेली होती. १५८३ मध्ये कुंकळ्ळीस पाच येशूसंघीय मारले गेले आणि त्याचा सूड ग्रामप्रमुखांवर उगवला गेला. ‘ख्रिस्तपुराणा’त एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विचारतो की, जुनी पुराणे वाचण्यास मनाई केलीत, तर त्यांच्या जागी आम्हास तसे काही का देत नाही? ग्रंथाचा उगम या हिरावलेल्या पुराणांच्या उणिवेत आहे, हे स्वतः कर्त्यानेच सुचविले आहे. आज्ञापालनाच्या व्रताने त्यांना साष्टी दिली. त्याच व्रताने त्यांना त्या सत्तेच्या व्यवस्थेतही बांधून ठेवले.

म्हणून संघजीवनाच्या फलिताकडे गौरवाच्या किंवा निषेधाच्या एकाच दृष्टीने पाहणे अपुरे ठरते. स्टीफन्स यांच्या बाबतीत ते फलित दीर्घ काळ, स्थिर भूमी आणि काम पुढे नेणारी माणसे या रूपांत दिसते. ‘ख्रिस्तपुराण’ शिकविताना प्रतिभेबरोबर या तिन्ही गोष्टी आणि त्यांची किंमतही विद्यार्थ्यांपुढे ठेवली, तर ग्रंथाचे आकलन अधिक न्याय्य होईल.