दीड लाख किलोमीटर पार केलेली डिझेल गाडी : कार्बन काढण्याआधी तो बसलाय कुठे ते पाहा



सोयाबीनची धावपळ संपली की आपल्याकडे गाडीची कामं निघतात. म्हणून आजचा मेसेज पिकाचा नाही, इंजिनाचा आहे. आपल्याकडे जुन्या डिझेल गाड्या भरपूर: बोलेरो, पिकअप, स्कॉर्पिओ. शिवाय मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बनवणं बंद केल्यावर सेकंडहँड घेतलेल्या स्विफ्ट आणि डिझायर. तक्रार सगळ्यांची एकच. गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडलं, राजूर घाट चढताना मागे काळा धूर सोडते. गॅरेजवाला म्हणतो, "कार्बन झालाय." हे बहुतेक वेळा खरं असतं. पण पुढे एक जण टाकीत टाकायची बाटली देतो, दुसरा हायड्रोजनची मशीन लावायला सांगतो, तिसरा सरळ हेड उतरवा म्हणतो. पैसे वाया जातात ते इथे.

आधी कार्बन होतो कसा ते बघू. कंदिलाची वात जास्त वर केली की काच काळी पडते. तेल जास्त, हवा कमी. इंजिनातही तेच होतं. एअर फिल्टर धुळीने गच्च झालं, टर्बोचा पाइप कुठे फाटला किंवा इंजेक्टर डिझेलचा बारीक फवारा न मारता थेंब टाकायला लागला, की अर्धवट जळलेली काजळी तयार होते.

त्यात बीएस-४ आणि त्यानंतरच्या बहुतेक डिझेल गाड्यांना ईजीआर व्हॉल्व्ह असतो. विषारी नायट्रोजन वायू कमी व्हावेत म्हणून तो सायलेन्सरकडे जाणारा थोडा धूर परत इंजिनात सोडतो. या धुरातली काजळी आणि इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी ऑइलची वाफ, दोन्ही हवेच्या पाइपात म्हणजे इनटेक मॅनिफोल्डमध्ये भेटतात आणि तिथे डांबरासारखा थर बसतो. वर्षानुवर्षं बसत गेला की हवेची वाट निम्मी होते. हवा कमी म्हणजे आणखी काजळी. वावर ते गाव, गाव ते चिखली, मधेच इंजिन चालू ठेवून गप्पा, अशा छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही. त्या गाडीत हा थर लवकर वाढतो.

आता मुद्द्याचं. कार्बन चार ठिकाणी बसतो आणि प्रत्येक ठिकाणी औषध पोहोचतंच असं नाही.

टाकीत ओतलेली बाटली डिझेलच्याच वाटेने जाते. म्हणजे इंजेक्टरच्या नोझलपर्यंत पोहोचते, तिथला हलका थर कमी करू शकते. पण डिझेल कधीच ईजीआर किंवा इनटेक मॅनिफोल्डमधून जात नाही. तिथला डांबराचा थर बाटलीने निघणार नाही, बाटली कितीही महागाची असो. हायड्रोजन मशीनचंही असंच. तो वायू हवेच्या वाटेने आत जातो खरा, पण जळतो सिलिंडरमध्ये. मॅनिफोल्डमध्ये आगच नसते, तर तिथला जाड थर जळेल कशाने? आमचं मत सांगायचं तर दीड-दोन लाख किलोमीटरच्या गाडीला पहिला खर्च या मशीनवर करू नये.

ईजीआर आणि मॅनिफोल्ड उतरवून हातानेच साफ करावे लागतात. काम घाणेरडं आहे, वेळ खातं, पण खरा फरक बहुतेकदा इथेच पडतो. मिस्त्रीकडून एवढं करून घ्या: इंजिन थंड असावं, बॅटरीचं टर्मिनल काढलेलं असावं. भाग गाडीवरून सोडवून बाहेर धुवावा. ईजीआरचा मोटरवाला, वायरचा भाग क्लीनरमध्ये बुडवू नये. हेडच्या उघड्या छिद्रांत कापड कोंबलं असेल तर किती तुकडे कोंबले ते मोजून ठेवावं आणि तेवढेच परत निघाले का ते पाहावं. खरवडलेला कडक तुकडा आत पडला तर व्हॉल्व्ह नाहीतर टर्बो जातो. बसवताना गॅस्केट नवं, जुनं चालवू नका. धुतलेला भाग पूर्ण वाळल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

तिसरी जागा पिस्टनचा माथा, रिंगा आणि व्हॉल्व्ह. इथे पोहोचायचं तर हेड उतरवावं लागतं, म्हणून हा उपाय सगळ्यात शेवटी. त्याआधी कॉम्प्रेशन तपासून घ्या. धूर निळसर असेल आणि ऑइल कमी होत असेल तर रिंगा, व्हॉल्व्हचे सील किंवा टर्बो ऑइल पितोय. तिथे नुसता कार्बन काढून काही होत नाही. पांढरा धूर सुटत राहिला आणि रेडिएटरचं पाणी घटत असेल तर हेड गॅस्केटकडे बघा. चौथी जागा टर्बो आणि सायलेन्सरची बाजू, तिचं बीएस-६ च्या वेळी सांगतो.

म्हणून कामाला हात लावण्याआधी स्वस्तातल्या गोष्टी उरकून घ्या. एअर फिल्टर बदला. आपल्या उन्हाळ्यातल्या धुळीत पुस्तिकेतल्या अंतराची वाट पाहू नका, दर महिन्याला काढून बघा. टर्बोपासून इंजिनापर्यंतचे रबरी पाइप हाताने चाचपून पाहा, तेलकट डाग असेल तिथे गळती असते. डिझेल फिल्टर बदला. स्कॅनर लावून कोड वाचून घ्या. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या. कोणता इंजेक्टर जास्त डिझेल मागे सोडतोय ते बाटल्यांत डोळ्याला दिसतं. इंजेक्टर गळका असताना मॅनिफोल्ड साफ केलं तर थर पुन्हा लवकर बसेल आणि तुम्ही पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात.

एक सोपी युक्ती. काम करण्याआधी पीयूसी सेंटरवर धुराची चाचणी करा आणि आकडा लिहून ठेवा. काम झाल्यावर परत करा. बीएस-४ डिझेल गाडीला मर्यादा ५० एचएसयू, त्याआधीच्या गाड्यांना ६५. "आता बघा कशी पळते" यापेक्षा हा आकडा खरा. आकडा उतरला नाही तर मिस्त्रीला विचारायला तोंड राहतं.

काही गोष्टी मात्र करूच नका. चालू इंजिनाच्या हवेच्या पाइपात पाणी किंवा रॉकेल ओतायचा जुना प्रकार अजून ऐकू येतो. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये जास्त गेलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनच संपतं. पेट्रोलच्या गाडीचा कार्ब क्लीनर डिझेल इंजिन चालू असताना हवेच्या वाटेने फवारू नका. तो स्वतःच पेट घेतो, इंजिन आपोआप रेस होऊन किल्ली काढली तरी थांबत नाही असं होऊ शकतं. ईजीआर पत्रा लावून बंद करणं, डीपीएफ कापून टाकणं हेही काही गॅरेजवाले सुचवतात. ते बेकायदेशीर आहे, आणि पुढे गाडी विकताना तो प्रश्न तुमच्याच गळ्यात पडतो.

साफसफाईनंतर काळजी चालवण्यात आहे. आठवड्यातून एकदा तरी गाडी मोकळ्या रस्त्यावर न्या. मलकापूर-नांदुरा-खामगावचा राष्ट्रीय महामार्ग ५३ आहे, मेहकरकडच्यांना समृद्धी जवळ. इंजिन पूर्ण तापल्यावर वीस-पंचवीस मिनिटं एक गिअर खाली ठेवून सलग २५०० ते ३००० आरपीएमवर चालवा, अर्थात वेगमर्यादेत. मऊ काजळी यात बरीच जळते. कडक थर मात्र जाणार नाही, तेवढी अपेक्षा ठेवू नका.

१ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी असते. ती स्वतःला साधारण ६०० अंशाला तापवून काजळी जाळते. डीपीएफचा दिवा लागला की गाडी बंद करू नका, तशीच रस्त्यावर काढून दिवा विझेपर्यंत एकसारखी चालवा. ही क्रिया वारंवार अर्धवट राहिली की न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वाढलेलं दिसलं तर खूश होऊ नका, लगेच बदला. ऑइलही पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच, नाहीतर त्याची राख जाळीत बसते आणि राख जळत नाही.

पेट्रोल-सीएनजीवाल्यांना एवढा त्रास नसतो. बहुतेक वेळा थ्रॉटल बॉडी साफ केली की काम भागतं. ट्रॅक्टरचं वेगळं आहे, त्यावर नांगरटीआधी स्वतंत्र मेसेज येईल.

शंका असेल तर ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाका. त्यात गाडीचं मॉडेल आणि साल, बीएस-४ की बीएस-६, किलोमीटर, धुराचा रंग आणि तो कधी येतो (सुरू करताना, चढाला, की कायम) एवढं सांगा. जमल्यास एअर फिल्टरचा फोटोही पाठवा.