पडद्यामागची लेखणी : सई परांजपे

सिनेमा पाहून परतणाऱ्या प्रेक्षकास नायकाचे नाव विचारावे, तो तत्काळ सांगतो. गाणेही गुणगुणून दाखवितो. पण ‘हे लिहिले कोणी?’ असे विचारताच तो घुटमळतो. नंदुरबार काय नि मुंबई काय, या बाबतीत सारखेच! त्यातून लिहिणारी स्त्री असली तर विचारावयासच नको. अमेरिकेत ली ब्रॅकेट या लेखिकेची रहस्यकथा वाचून दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स यांनी तिला बोलावले, ते हा कोणी पुरुष आहे अशा समजुतीने. १९४६ च्या ‘द बिग स्लीप’च्या पटकथाकारांत तिचे नाव आहे. आपल्याकडे सई परांजपे दिग्दर्शिका म्हणून सर्वश्रुत आहेत. आम्हांस येथे त्यांच्यातील लेखिकेविषयी बोलावयाचे आहे.

सईबाईंचा जन्म १९३८ चा, लखनौचा. रँग्लर परांजपे हे आजोबा; ‘कुंकू’त काम केलेल्या, संततिनियमनाचा प्रचार करणाऱ्या शकुंतलाबाई या आई; वडील रशियन चित्रकार. आठव्या वर्षी ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. पुढे आकाशवाणी, १९६३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाची पदविका, मग दूरदर्शन. यांतील आकाशवाणीला आम्ही अधिक महत्त्व देतो. तेथे श्रोत्याला दिसत काहीच नाही. सारा भार शब्दांवर आणि आवाजावर.

‘स्पर्श’ (१९८०) पाहावा. नायक अंधशाळेचा मुख्याध्यापक. तो डॉक्टरांकडे निघालेला असतो. वाटेत गाण्याचे सूर कानी पडतात आणि त्या सुरांमागे तो एका विधवेच्या दारी येऊन उभा राहतो. दोघांची गाठ पडते ती कानाच्या वाटेने! पटकथा म्हणतात ती हीच. नुसते संवाद म्हणजे पटकथा नव्हे. कोण, कोठे, कशामुळे समोर येतो आणि त्यातून त्याचा स्वभाव कसा उघडा पडतो, ही सारी मांडणी लेखकाने कागदावर आधी केलेली असते. मदत घेऊ पण कीव सोसणार नाही, हा नायकाचा पीळ भाषणातून नव्हे, लहानसहान प्रसंगांतून कळतो. या पटकथेस राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो उगीच नव्हे.

‘चश्मे बद्दूर’ (१९८१) हसत-हसत निघून जातो. ‘कथा’ (१९८३) मात्र थांबून पाहण्याजोगा. शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावरून तो घेतला. पण चाळीतला हा ससा झोपत नाही, साऱ्यांना गोड बोलून फसवितो आणि पसार होतो. इसापाने हे सांगितले नव्हते.

आम्हांला सर्वांत जवळचा वाटतो तो ‘दिशा’ (१९९०), कदाचित तो सर्वांत कमी पाहिला गेला म्हणूनही असेल. पाण्यावाचून ओस पडत चाललेले खेडे, तेथून मुंबईच्या गिरणीकडे निघालेला तरुण, एका खोलीत दाटीवाटीने राहणारे कामगार. आणि गावातच राहून वर्षानुवर्षे विहीर खणणारा एक हट्टी शेतकरी. हंगाम आला की आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड बांधून गुजरातेत कामाला जातात, हे येथे कोणास सांगावयास नको. लेखिकेने गेलेल्यास दोष दिलेला नाही, राहिलेल्यास वेडा ठरविलेले नाही. त्या खणणाऱ्याच्या विहिरीला अखेर पाणी लागते. तोवर गावातली माणसे मुंबईच्या वाटेला लागलेली असतात.