धारेचं पाणी

नव्या गिलाव्याची भिंत मधोमध झकास दिसते, लाज जाते ती कोपऱ्यात. गुण्या लावला की कुठे फट दिसते, कुठे धार उडालेली असते. दर वेळी गवंड्याचीच चूक असते असं नाही. भिंतीच्या सपाटीवरचं पाणी एकाच अंगाने उडतं, बाहेर आलेल्या कोपऱ्याचं मात्र दोन्ही अंगांनी. चेन्नईच्या उन्हात तो सगळ्यात आधी सुकतो. सिमेंटला पक्कं व्हायला पाणीच उरलं नाही, की नखाने खरवडली तरी धारेची वाळू गळते.

गंमत म्हणजे याच शहराचा गिलावा एकेकाळी जगात गाजला होता. सेंट हेलेना बेटाचे गव्हर्नर आयझॅक पाइक यांनी लिहिलेली मद्रासच्या चुन्याची कृती १७३२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आली. चुन्यात गूळ, हिरड्याचं पाणी आणि वरच्या झिलईच्या थरात चक्क अंड्याचा पांढरा बलक! त्या थराला लागणारा चुना शिंपल्यांचा. शिंपले सुमारे ९०० अंशांवर भाजले की त्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरलेली कळी पाण्यात विरवून भिंतीवर चढवली, की ती हवेतून हळूहळू तोच वायू परत घेते आणि पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होते. म्हणजे जे शिंपल्यात होतं, तेच भिंतीवर नव्याने घडतं. हे काम सावकाश चालतं, म्हणून कारागिराला गुळगुळीत दगडाने घोटत बसायला सवड मिळायची.

सिमेंट तेवढी सवड देत नाही. बिघडलेला कोपरा आधी ठोकून पाहावा. पोकळ वाजला तर तेवढा भाग छिन्नीने पार काढून टाकावा. कड भिजवून सिमेंटचं पातळ पाणी मारावं. एका अंगाला सरळ फळी ओळंब्यात बसवून, तिची कड गिलाव्याच्या जाडीइतकी बाहेर ठेवून दुसरं अंग भरावं. माल थोडा आवळला की फळी सरकवत काढावी, उपटू नये, नाहीतर ताजी धार तिच्याबरोबर येते. मग तसंच पहिलं अंग. त्यानंतर आठवडाभर पाणी मारायचं, धारेवर जरा जास्तच. धारेवर कॉर्नर बीडची पट्टी लावणार असाल तर समुद्राकाठच्या गावात ती पीव्हीसीची घ्या, साधं लोखंड खाऱ्या हवेत गंजतं.

आणि वाकडा कोपरा पुट्टीने सरळ करून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. पुट्टी दोन-तीन मिलिमीटरपुरतीच.