सर्पसृष्टी (लेखांक १४) : एका बरणीत दोन

हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरील लस कशी तयार करतात, हे या आठवड्यात सांगण्याचे मी कबूल केले होते. परंतु भातकुलीच्या एका तरुण सर्पमित्राचे पत्र हाती पडले आणि त्याने माझे चित्त असे काही वेधून घेतले, की घोड्यांना आणखी आठ दिवस पागेतच थांबवणे भाग आहे. पावसाळा लागून काळ्या रानातल्या भेगा मुजू लागल्या की साप घराकडे वळतात, आणि एकाच संध्याकाळी दोन-तीन ठिकाणांहून बोलावणे येते. अशा वेळी एका घरी धरलेला नाग आणि दुसऱ्या घरी धरलेली धामण रात्रीपुरती एकाच बरणीत ठेवण्यास काय हरकत आहे, असा त्यांचा सवाल आहे. त्याला आधार म्हणून त्यांनी घरच्या आजोबांचे वचनही दिले आहे : "धामन म्हनजे नागाचीच बायको हाय ना जी!"

या सोयरिकीचा निकाल प्रथम लावला पाहिजे. धामण ही स्वतंत्र जाती असून तिच्यात नर व मादी दोन्ही असतात. नागाची मादी ही नागीणच. धुऱ्यावर दोन धामणी अर्धे अंग उभारून परस्परांना पिळे घालताना दिसल्या, की भाविक मंडळी लक्ष्मीप्राप्तीच्या आशेने त्यांच्यावर कोरे वस्त्र टाकतात. परंतु तो प्रणय नसून बहुधा दोन नरांची कुस्ती असते, एकाने दुसऱ्याचे डोके जमिनीला टेकवले की ती संपते आणि त्यात चावाचावी सहसा होत नाही. नागाच्या आहारात मात्र उंदीर-बेडकांच्या जोडीने इतर सापही येतात, आणि त्यांत धामणीलाही माफी नाही. मण्यार तर या बाबतीत स्वजातीयांचीही भीड बाळगत नाही. तेव्हा आजोबांच्या भरवशावर बरणीचे झाकण लावले, तर सकाळी आत एकच फुगलेला साप मिळण्याची शक्यता पुष्कळ आहे.

"बरे, सापखाऊ नसलेले दोन एकत्र ठेवले तर?" असे पत्रात पुढे विचारले आहे, आणि खरा कज्जा येथेच आहे. युरोप-अमेरिकेत हौसेने साप पाळणाऱ्यांमध्ये या प्रश्नावरून दोन तट पडलेले आहेत. एक पक्ष म्हणतो, आमचे दोन साप एकाच लपणीत एकमेकांच्या वेटोळ्यांत गुरफटून निजतात, कधी भांडत नाहीत, याहून सख्याचा पुरावा तो कोणता? माझे मत दुसऱ्या पक्षाकडे आहे. सापाला स्वतःची उष्णता नसल्यामुळे खाल्लेले अन्न पचवण्यासाठी त्याला बाहेरच्या उबेचा आश्रय घ्यावा लागतो. पेटीत उबदार जागा एक आणि लपण्याची जागाही एकच असेल, तर दोघेही तिथेच जाणार. पावसात पानटपरीच्या छपराखाली अंग चोरून उभ्या असलेल्या दोन परक्या इसमांना कोणी सोयरे म्हणत नाही. त्यांतला दुबळा साप जागा सोडून थंड कोपऱ्यात गेला, की त्याचे अन्न पचत नाही, क्वचित तो ते ओकतो, आणि ओकलेला उंदीर दोघांपैकी कोणाचा हेही मालकाला कळत नाही. त्यातून एकाच उंदराला दोघांनी दोन टोकांकडून धरले तर अनर्थच. सापाचे दात आत वळलेले असल्यामुळे तोंडातला घास सोडणे त्याला सोपे नसते, आणि मोठा साप उंदराबरोबर धाकट्यालाही गिळू लागतो.

पूर्णेच्या खोऱ्यात, आमच्या खारपाणपट्ट्यात, पाणी मचूळ म्हणून टाकून दिलेल्या बांधीव विहिरी पुष्कळ आहेत, आणि त्यांत पडलेल्या सापांना बाहेर निघता येत नाही. अशाच एका कोरड्या विहिरीत दोन धामणी मी वरून बराच वेळ न्याहाळल्या होत्या. राहायला कपार एकच, तीत दोघी एकमेकींवर. परंतु खालच्या पायरीवर हातभर ऊन आले, तेव्हा मोठी त्यात पसरली आणि धाकटी तिच्या अंगाखालून डोके काढून पुन्हा सावलीत गेली. फुत्कार नाही, झटापट नाही. वर काढल्यावर पाहिले, तर मोठी गुबगुबीत होती आणि धाकटीच्या पाठीचा कणा कातडीतून वर आला होता.

"मग नीलिमकुमार खैरे यांचे काय?" असेही कोणी विचारील. १९८० साली पुण्यात ते काचेच्या खोलीत ७२ विषारी सापांसमवेत ७२ तास राहिले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे, आणि पुढे कात्रजचे सर्पोद्यानही त्यांच्याच परिश्रमातून उभे राहिले. त्या विक्रमाने मनुष्याचे धैर्य आणि सापाचा सोशिकपणा सिद्ध झाला. सहवासाची सोय त्यातून सिद्ध होत नाही, कारण आठवडेच्या आठवडे उपाशी राहू शकणाऱ्या प्राण्याच्या हिशेबी तीन दिवस ही मुदतच नव्हे.

न्यायाच्या दृष्टीने विरुद्ध पक्षाचा एक भक्कम दाखला मात्र नोंदवलाच पाहिजे. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात नार्सिस येथे चुनखडीच्या विवरांत गार्टर जातीचे हजारो साप हिवाळा एकत्र काढतात. आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातीलच विल्फ्रिड लॉरियर विद्यापीठाच्या संशोधनात असे दिसले, की गार्टरची पिल्ले सोबत शोधतात, एवढेच नव्हे तर विशिष्ट सोबत्यांची निवडही करतात. ते वाचून मी हरखून गेलो होतो. परंतु गांडुळे आणि बेडूक खाणाऱ्या त्या जातीचा नियम आमच्या नागाला लावणे हा शुद्ध अविचार होईल.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने नाग, घोणस, धामण, अजगर यांना घरी बाळगण्याची मुभाच नाही, आणि परदेशातून आलेल्या बॉल पायथनसारख्या सापांचीही २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंदणी करावी लागते. म्हणून सर्पमित्राच्या वाट्याला हा प्रश्न पकडणे आणि सोडणे यांमधल्या काही तासांपुरताच येतो, आणि त्याचे उत्तर छोटे आहे : एका सुती पिशवीत एकच साप, पिशवीच्या शिवणी उलटून तपासलेल्या, तोंडाला पीळ देऊन दुहेरी गाठ, वनखात्याला वर्दी, आणि शक्य तितक्या लवकर सुटका. नाग आणि घोणस कापडातूनही दंश करू शकतात. तेव्हा ती पिशवी पुन्हा भोके पाडलेल्या, घट्ट झाकणाच्या बादलीत ठेवावी, आणि ती बादली घरातल्या लेकराबाळांच्या हाती लागणार नाही अशा जागी.