आईच्या श्रमांची नोंद

मुंबईचे उपनगर आज इमारतींनी भरून गेले आहे. तथापि बोरिवलीकडील खाचरांत भात पिकत असे, हे सांगणारी माणसे अद्याप हयात आहेत. त्यांपैकी एका माउलीची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो. तिचे नाव देण्याचे कारण नाही. अशा माता गावोगावी आहेत.

बाराव्या वर्षी डोक्यावर इरले घेऊन ती लावणीस उभी राहिली. लग्नानंतर सासरच्या वीस गुंठ्यांत राब भाजणे, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी ही सर्व कामे तिजकडे आली. नांगर तेवढा पुरुषाच्या हाती. भाताचे दिवस सरले की भाजीची पाटी घेऊन ती स्टेशनाजवळच्या बाजारी बसे. पुढे शेत विकले गेले. मग तिने बांधकामावर घमेली वाहिली आणि गुडघे थकल्यावर घरोघरी धुणीभांडी केली. दोन मुलींची शिक्षणे व लग्ने ह्याच श्रमांवर झाली.

पती निवर्तल्यावर, हातपाय चालेनासे झाले तेव्हा, श्रावणबाळ योजनेच्या अर्जासाठी ती आम्हांकडे आली. आमचे आयुष्य महसुली दप्तरात गेले, हे तिला ठाऊक होते. आम्ही जुना सातबारा काढविला. कब्जेदार प्रथम सासरा, नंतर पती. पिकाच्या रकान्यात भात होते. ते लावणारीचे नाव कोठेच नव्हते. विक्रीच्या वेळी तिची सही लागली नाही व पैसाही तिच्या हाती आला नाही. असे शेकडो उतारे आम्ही स्वतः लिहिले. परंतु ही उणीव तोवर आमच्या डोळ्यांस खुपली नव्हती.

नोकरदारास निवृत्तीचा दिवस असतो. शेतकऱ्याच्या घरातील आईस तो नसतो. श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील निराधारास, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असल्यास, दरमहा १,५०० रुपये मिळतात. ही रक्कम २०२३ साली १,००० वरून वाढली. तेवढ्यासाठी वयाचा व उत्पन्नाचा दाखला मिळविता मिळविता आमच्या ह्या माउलीचे आठ महिने गेले.

म्हणून आमच्या शेतकरी बंधूंस विनंती आहे. पतीने अर्ज केल्यास पत्नीचे नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लावण्याची सोय लक्ष्मीमुक्ती योजनेने १९९२ पासून केली आहे. २०१९ साली निघालेल्या किसान मानधन योजनेत २ हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास १८ ते ४० ह्या वयात वर्गणी सुरू करून साठीनंतर दरमहा ३,००० रुपये मिळावयाचे आहेत; तेथेही जमिनीची नोंदच पाहिली जाते. वयाचा दाखलाही वेळीच काढून ठेवावा.

त्या माउलीस पहिला हप्ता मिळाला, तेव्हा तिने पासबुकातील आपले नाव आम्हांकडून दोनदा वाचून घेतले. सरकारी कागदावर आपले नाव, तेही एकट्याचे, ती प्रथमच ऐकत होती. आपल्या घरातील आईस इतकी वाट पाहावयास लावू नये, एवढेच आमचे मागणे आहे.