कोणत्या डब्यात बसता?

आमच्या वढू बुद्रुकला रेल्वे नाही. कोरेगाव भीमा, लोणीकंद, केसनंद, थेऊर असं करत दुचाकीवर लोणी स्टेशन गाठायचं आणि तिथून दौंडकडची गाडी धरायची, हा माझा नोकरीवर जाण्याचा बऱ्याच वर्षांचा रस्ता. मार्च २०१७ मध्ये पुणे-दौंड मार्गावर डेमू सुरू झाली तेव्हा आम्हा पासधारकांना केवढा आनंद झाला होता! डोक्यावर विजेच्या तारा आणि खाली गाडी डिझेलची, यावर उरुळीपासून केडगावपर्यंत विनोद चालायचे, ते वेगळं.

मध्यंतरी डागडुजी होऊन आलेल्या एका गाडीत बसलो. ताजा रंग, धड बाकं, सगळे पंखे फिरणारे. सवयीने पहिल्याच डब्यात चढलो, कारण तिथे हमखास जागा मिळते. का मिळते, हा प्रश्न डॉक्टर असूनही मला कधी पडला नव्हता.

त्याच आठवड्यात ओपीडीत एक गृहस्थ आले. चार महिने कोरडा खोकला. बिडी-सिगारेट नाही, घरात चूल नाही, थुंकीत क्षयाचे जंतू नाहीत, एक्स-रे स्वच्छ. फुंकून करायच्या चाचणीत श्वासनलिका आवळलेल्या दिसल्या आणि औषध ओढल्यावर त्या सैल झाल्या. म्हणजे दमा.

"खोकला वाढतो कधी?"

"गाडीत, डॉक्टरसाहेब. यवत सोडलं की सुरू."

"कोणत्या डब्यात बसता?"

"पहिल्याच. तुमच्या मागच्या बाकावर असतो की!"

डेमूला वेगळं इंजिन जोडलेलं नसतं. टोकाच्या डब्याच्या एका भागात डिझेल इंजिन, भिंतीपलीकडे प्रवासी. स्टेशनातून गाडी निघताना काळा लोट उठतो, त्याचं कारण साधं आहे. इंजिनावर एकदम भार येतो, डिझेल लगेच वाढतं; पण हवा दाबून भरणाऱ्या टर्बोला वेग घ्यायला काही क्षण लागतात. तेवढ्या वेळात डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी बाहेर पडते. पुणे ते दौंड पाऊणशे किलोमीटरांत सगळे थांबे घेणाऱ्या गाडीत हे किती वेळा होत असेल ते मोजा. वर गाडी पुढे धावते आणि धूर मागे, उघड्या खिडक्यांकडे येतो.

डोळ्यांना दिसणारी काजळी त्यातल्या त्यात बरी. ती नाकात, घशात अडकते. न दिसणारे कण वाईट. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन धरली, तर डिझेलच्या धुरातले बरेचसे कण ०.१ मायक्रॉनहूनही लहान असतात. ते थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. सोबत नायट्रोजनचे ऑक्साइड असतातच, आणि दम्याच्या नळ्या त्यांच्यावर लगेच चिडतात.

टोरांटोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी तिथल्या डिझेल लोकलमध्ये उपकरणं नेऊन मोजमाप केलं आणि २०१७ मध्ये ते प्रसिद्ध केलं. इंजिन पुढून ओढत असताना डब्यातलं अतिसूक्ष्म कणांचं आणि काजळीचं प्रमाण शहरातल्या वाहत्या रस्त्यापेक्षा सरासरी सुमारे नऊपट निघालं. तेच इंजिन मागून ढकलत असताना ते कितीतरी उतरलं. गाडी तीच, डिझेल तेच. फरक फक्त इंजिन कुठे आणि माणूस कुठे, एवढाच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर २०१२ मध्ये माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या गटात घातला. लगेच पास फाडू नका. त्यामागचा मोठा पुरावा खाणकामगारांचा होता. अमेरिकेतल्या आठ खाणींतल्या १२ हजारांहून अधिक जणांनी वर्षानुवर्षं, दिवसाचे कित्येक तास घेतलेल्या धुराचा. तासा-दीड तासाच्या प्रवाशाला तो हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय तेवढंच अंतर नगर रस्त्यावरच्या ट्रकांमागे दुचाकीवरून कापण्यापेक्षा मी केव्हाही रेल्वेच सांगेन. पण दमेकरी, हृदयरोगी, गरोदर स्त्री आणि लहान मूल यांनी इंजिनाच्या डब्यात आणि त्याच्या लगतच्या डब्यात बसू नये. पंचवीस-तीस वर्षं मी खोकणाऱ्याला बिडीचं विचारलं, चुलीचं विचारलं, डब्याचं मात्र एकदाही नाही.

जुन्या गाडीचं रूप पालटताना रंग आणि बाकं आपल्याला दिसतात. इंधन फवारणारे नोझल नवे बसवले का, टर्बो तपासला का, धूर सोडायच्या नळीला काही गाळणी आहे का, हे दिसत नाही. माझ्या मते तिकीट काढणाऱ्याने आधी तेच विचारावं.

त्या गृहस्थांना श्वासातून घ्यायचं औषध दिलं आणि डबाही बदलायला सांगितला. महिन्याभरात खोकला गेला. औषधाने गेला की डबा बदलल्याने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दोन्ही एकदमच केलं होतं. आता आम्ही दोघंही मधल्या डब्यात असतो. तिथे केडगावपर्यंत उभंच राहावं लागतं.