एफसी पुणे सिटी : खेळाडू घेतले, घर राहिलं

बारामती-इंदापूरच्या फुटबॉलवेड्यांनो, आपल्या जिल्ह्याचाही आयएसएल संघ होता! २०१४ मध्ये सुरू झालेला, हृतिक रोशन सहमालक असलेला.

२०१७ मध्ये मालकांनी मार्सेलिन्हो आणि अल्फारो हे गोल करणारे गडी आणले. संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीत गेला. तिथं बंगळुरूच्या छेत्रीनं हॅटट्रिक ठोकली आणि आपण बाहेर पडलो. खरेदी चोख होती, यात वाद नाही.

वाद मैदानाचा. संघाचं घरचं मैदान म्हणजे बालेवाडीचं स्टेडियम; ते सरकारी, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. मैदानाभोवती धावपट्टी, म्हणजे कॉर्नर घेणारा खेळाडू प्रेक्षकांपासून कोसभर लांब! अशानं माहोल कसा तापणार?

२०१९ मध्ये संघ बंद पडला, लीगमधली त्याची जागा हैदराबादच्या संघाला गेली. त्यांनी २०२२ मध्ये चषकही जिंकला.

तुम्ही मालक असता तर आधी काय केलं असतं, खेळाडू की स्टेडियम? कमेंटमध्ये भांडा.